दोघांचे चौऱ्याहत्तर

आधीच सांगून ठेवतो, मला सायकलची हौस नाही. लोकांना वाटतं, डोंगरातली नोकरी, जाड टायरची माउंटन बाइक, मोकळी हवा, काय मजा आहे बुवा तुझी! मजा कसली डोंबलाची. बसून बसून घट्टे पडलेत, कुठं ते विचारू नका. धरणापासून शहरापर्यंत पिण्याच्या पाण्याची मोठी लाइन डोंगराच्या कडेकडेनं येते. तिच्या बाजूनं जेमतेम हातभर रुंदीची वाट आहे, तिथं गाडी जात नाही, म्हणून आम्हाला सायकली. रोज लाइनवर फिरायचं, कुठं गळतंय का बघायचं, लोखंडी झाकणं उचलून चेंबरमधले व्हॉल्व्ह तपासायचे. फाट्याच्या खालचा सपाट टप्पा माझा आणि वरचा चढाचा टप्पा दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनीच मला इथं चिकटवलं. तेव्हा मी कामधंद्याविना घरात बसून ताईचं डोकं खात होतो.

दीड वर्षापूर्वी ऑफिसला संशय आला की आम्ही लोक झाडाखाली झोपा काढतो. झोपायचो, नाही असं नाही. पण त्यांनी पहिल्यांदा फोनवरून नकाशावर ठिपका बघायला सुरुवात केली. आमच्या दरीत तो ठिपका ठिकाणावर राहतो कुठं? एकदा दाजी थेट धरणाच्या मधोमध दिसले. ऑफिसात पडद्यासमोर बसणाऱ्या बाईंनी फोन करून विचारलं, "दाजी, तुम्हाला पोहता येतं ना?" दाजी सगळ्यांचेच दाजी होते, ऑफिसचेसुद्धा. मग ठिपका गेला आणि केडन्स सेन्सर आला.

केडन्स सेन्सर म्हणजे अर्ध्या काडेपेटीएवढी काळी डबी. डाव्या पायडलचा जो दांडा असतो, त्याला आतल्या बाजूनं ती रबरानं बांधायची. पायडल मिनिटाला किती फेरे मारतं, ते ती मोजते. हँडलवर लावलेल्या ऑफिसच्या फोनला ती आकडा सांगते आणि फोन ऑफिसला चुगली करतो, रेंज नसली तर रेंजमध्ये आल्यावर. साठच्या वर राहायचं. पाळीची सरासरी महिन्यात तीनदा साठच्या खाली गेली की माणूस लाइनवरून उचलायचा आणि पंपघरात टाकायचा. पडद्यासमोरच्या बाई आकडा घसरला की लगेच फोन करायच्या, "साठ, साठ! साठच्या खाली आलात!" त्यांचं नाव आम्ही साठबाईच ठेवलं.

आता मला सांगा, उतारावर पायडल कोण मारतं? आणि खडा चढ आला की सायकल खांद्यानं रेटत चढवावी लागते. त्यात जीव जातो माणसाचा, पण डबीला वाटतं, शून्य, हा झोपला. उलट झाडाखाली सायकल आडवी पाडून हातानं पायडल गरगर फिरवलं की डबी खूश. ज्यानं ही अक्कल लढवली, त्याला एकदा वरच्या टप्प्यावर पाठवायला हवं होतं, आणि तेही दाजींचा गुडघा लावून.

दाजींचा उजवा गुडघा कामातून गेला होता. बावीस वर्षं तो चढ चढून दुसरं काय होणार! डबी लावल्यावर पहिल्याच महिन्यात दोनदा ते साठच्या खाली गेले. तिसऱ्यांदा गेले असते तर पंपघर, आणि पंपघराचं नाव ताई घरात काढू द्यायची नाही. मागे एकदा माणूस कमी होता म्हणून दाजींना दोन महिने तिथं बसवलं होतं. खिडकी नाही, चार पंपांचा दिवसभर आवाज. घरी आले की ओरडून बोलायचे, कानात घणघण चालू म्हणून झोपायचे नाहीत, एकदा तर जेवता जेवता रडायला लागले. ताई मला म्हणाली होती, "छोट्या, हे पुन्हा तिथं गेले तर मला माझा माणूस परत मिळायचा नाही." मी एक्केचाळीस वर्षांचा आहे, तरी ताईला मी छोट्याच.

तर युक्ती मी काढली. हे मी कुणावर ढकलणार नाही. सकाळी फाट्यावर दाजींनी आपली डबी आणि फोन माझ्याकडे द्यायचा, ती डबी मी माझ्याच पायडलला बांधायची. माझा सपाट टप्पा, माझे पाय धड. दाजींनी वर निवांत सायकल ढकलत जावं, व्हॉल्व्ह बघावेत, दुपारी एक वाजता फाट्यावर यावं, दोघांनी मिळून डबा खावा. संध्याकाळी ज्याची डबी त्याला परत. या सायकलीत दांडा आणि चौकट यांच्यामध्ये फट अगदी थोडी. दुसरी डबी चौकटीला खटखट आपटायची, म्हणून मी ती जुन्या ट्यूबच्या पट्टीनं पार पायडलजवळ सरकवून बांधली. तिथं ती माझ्या बुटाला घासायची. वर्षभरात दोन बूट आतून फाटले, दोन्ही वेळा डावेच.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघा दीडशहाण्यांच्या डोक्यात कधी आली नाही. एकाच दांड्यावरच्या दोन डब्या एकच आकडा सांगणार. माझे बहात्तर तर दाजींचे बहात्तर. मी वाटेत थांबून शिंकलो की दाजीही थांबून शिंकणार. वर्षभर रोज ऑफिसच्या पडद्यावर आम्ही दोघं असे पावलाला पाऊल लावून चाललो होतो आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही जगाला फसवतोय.

आणखी एक. दाजींकडे दुसरा फोन नव्हता. ऑफिसचा मिळाल्यावर आपला जुना फोन त्यांनी घरी खिडकीत घड्याळ म्हणून उभा करून ठेवला होता. म्हणजे फाट्यावरून वर गेले की दाजी आणि जग यांचा संबंध संपला. हे आम्हाला माहीत होतं. आम्ही त्यावर हसायचो. दाजी म्हणायचे, "पाच तास तुझी बहीण मला फोन करू शकत नाही. याला सुख म्हणतात."

त्या दिवशी सकाळी आठला त्यांनी डबी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आज जरा जोर लाव बाबा. या महिन्यात सरासरी एकसष्टवर लटकलीय."

"मी काय घाण्याला जुंपलोय का?" मी वैतागून म्हटलं. आदल्या रात्री माझं घरात भांडण झालं होतं, त्याचा राग मी यांच्यावर काढला.

"असं काय करतोस? चारला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचंय. इंजेक्शन एकदा बसलं की मी तुला मागे टाकतो की नाही बघ." माझ्या पाठीत एक हलकी थाप मारून ते सायकल ढकलत वर निघून गेले.

त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्या दिवशी खरंच जोर लावला. चौऱ्याहत्तर. एरवी माझं मन पंचाहत्तर जागी भटकतं, पण त्या दिवशी मी चौऱ्याहत्तर सोडलं नाही.

आणि मी असा इमानेइतबारे पायडल मारत असताना, साडेअकराच्या सुमारास, नऊ नंबरच्या चेंबरमध्ये दाजी पडले. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं तुम्ही ते माहीत धरूनच ऐकायला हवं. ते चेंबर दीड पुरुष खोल आहे. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती पाणी अडवायला जी दोरी ठासून भरलेली असते, ती कुजून पाणी गळत होतं, ते बघायला दाजी उतरले. शिडीची गंजलेली पायरी तुटली. उजवा पाय पाइप आणि भिंत यांच्यातल्या फटीत गुडघ्याच्या वरपर्यंत गेला आणि तिथंच अडकला. पडताना हात टेकायला गेले तो नेमका ती दोरी दाबून धरणाऱ्या पट्टीवर. पट्टी सुटली, आणि गळती होती तिथं धार लागली.

एक वाजता मी फाट्यावर पोचलो. दाजी नाहीत. म्हटलं, येतील. दाजी कधीकधी अर्धा-अर्धा तास उशिरा यायचे, वाटेत एखादा धनगर भेटला की त्याच्या मेंढ्यांची चौकशी करत बसायचे. मी डबा उघडला नाही. आम्ही एकमेकांवाचून डबा उघडत नव्हतो.

दीड वाजला. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्याहून जास्त वेळ शून्य दिसलं की साठबाईंचा फोन ठरलेला. तसा तो आलाच, माझ्या फोनवर.

"काय, अजून जेवण चाललंय वाटतं दोघांचं?"

"निघालोच," मी म्हटलं.

"दाजी आहेत ना सोबत?"

"हे काय, इथंच आहेत, हात धुतायत."

इथून मी अडकलो. पहिलं खोटं तोंडातून इतकं सहज गेलं की मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. वर्षभर हेच तर करत होतो. पण आता सायकल चालवायलाच हवी होती. आणि चालवायची कुठं? पुढं माझा टप्पा होता, पण दाजी खाली आले आणि मी फाट्यावर नसलो तर डॉक्टरकडे निघायच्या आधी त्यांना डबी कशी मिळणार? म्हणून मी फाटा ते दुसरी मोरी, दुसरी मोरी ते फाटा, असा येरझाऱ्या घालायला लागलो. चारशे पावलांचा तुकडा. चौऱ्याहत्तर.

तुम्ही म्हणाल, वर का नाही गेलास? मी स्वतःला तेच विचारतो. हेच विचारत मी जेवतो. वरच्या टप्प्यावर फोनला रेंज नाही. तिथं फिरणाऱ्या दाजींचा आकडा ऑफिसला लगेच दिसतो कसा, हे वर्षभर कुणी विचारलं नव्हतं, ते सोडा. मी वर गेलो की दोन्ही आकडे एकदम गुल होणार. दोन माणसं एकदम गायब झाली की ऑफिस दुरुस्तीची गाडी पाठवतं, असा नियम आहे. गाडीतली माणसं वर येणार, दाजी कुठंतरी दगडावर बसून गुडघा चोळत असणार, जवळ ना फोन ना डबी. मग दाजी पंपघरात. मला डोळ्यांसमोर फक्त पंपघर दिसत होतं. ज्या गाडीला मी टाळत होतो, तीच गाडी त्यांना हवी असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. म्हणजे खरं सांगू? दोनदा शिरलं. दोनदा मी फाट्यावर थांबून वरच्या वाटेकडे बघितलं, "दाजीऽऽ" अशी हाक मारली. मग हँडलवरचा आकडा पडायला लागला, चाळीस, वीस, आणि माझे पाय आपोआप पायडलवर गेले. लाज वाटते सांगायला. त्या आकड्यानं माझ्या पायांना वेसण घातली होती.

दोन वाजून पाच मिनिटांनी दाजींचा फोन वाजला. पडद्यावर ताई. मी वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. उचलला.

"अगं, मी बोलतोय."

"तू? हे कुठायत?"

"आहेत की. खाली उतरलेत, चेंबरमध्ये. व्हॉल्व्ह बघतायत. फोन माझ्याकडे देऊन गेलेत."

तिला ही डबीची भानगड ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "सकाळपासून मला उगीचच कसंतरी होतंय रे. चारचं लक्षात आहे ना त्यांच्या?"

"आहे गं बाई. तीनला निघतील. तू काळजी करू नको, जरा पड."

"ठीक आहे ना सगळं?"

"एकदम ठीक."

ती हसली. "तू आहेस जवळ म्हणून बरं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. चेंबरमध्ये उतरलेत, हे मी आपलं तोंडाला आलं म्हणून म्हटलं होतं. त्या वेळी दाजींच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं.

दोन वीसला पुन्हा साठबाई. या वेळी आवाजात साठबिठ नव्हतं. "अहो, वरच्या लाइनचा दाब पडतोय. दुपारपासून हळूहळू पडत होता, आता जास्तच. बहुतेक नऊ किंवा दहा नंबर. गाडी काढायला सांगू, का दाजी बघतील?"

आता बघा. एवढा वेळ मला पाय थांबवायचं धाडस होत नव्हतं, आणि इथं ही बाई आपणहून गाडी पाठवू का म्हणून विचारत होती. एक 'हो' म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की दाजी कुठायत हा प्रश्न आला, आणि हात धुतायत, चेंबर बघतायत, ही सगळी लक्तरं बाहेर आली.

"दाजी बघतील," मी म्हणालो. "निघालेच ते."

"हो, दिसतंय मला, चौऱ्याहत्तर," त्या म्हणाल्या. मग उगीच दोन क्षण गप्प राहिल्या. "लवकर जायला सांगा त्यांना." आणि फोन बंद.

मग मात्र माझं अवसान गेलं. सायकल वळवली आणि वरच्या वाटेला लावली. पहिला चढ बसून चढलो, दुसरा उभं राहून, तिसऱ्या चढावर साखळी उतरली, तेव्हा सायकल तशीच टाकून पळालो. पळता पळता स्वतःला अशा शिव्या देत होतो की त्या इथं सांगता येत नाहीत.

नऊ नंबरचं झाकण उघडं होतं. दाजींची सायकल शेजारी आडवी. मी काठावर पालथा पडून आत बघितलं. पाणी त्यांच्या खांद्याला लागलं होतं. दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचं चाक धरून, मान वर करून ते उभे होते, म्हणजे अडकलेले होते. ओठ निळे.

"दाजी!"

त्यांनी डोळे उघडले. "आलास?" म्हणाले. आणि मग, देवाशपथ, हे म्हणाले, "आकडा... गेला का रे खाली?"

मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांच्यावर ओरडलो, "खड्ड्यात जाऊ दे आकडा!" खड्ड्यात तर तेच होते.

मी उतरलो, काखेत हात घालून ओढलं. ते गुरासारखे ओरडले. पाय तसूभर हलला नाही. एकट्याचं काम नव्हतं ते, पाइप भिंतीला धरून ठेवणारा लोखंडी पट्टा कापायला यंत्र हवं होतं. तोवर निदान पाणी थांबवायला हवं. आठ नंबरचा व्हॉल्व्ह बंद केला की नऊवर पाणी येत नाही. आठ नंबर अर्ध्या मैलावर, आणखी वर. "दाजी, दहा मिनिटं," म्हटलं. ते म्हणाले, "जा जा, मी कुठं जातोय." त्या अवस्थेतही!

आठचं चाक वर्षानुवर्षं कुणी फिरवलं नव्हतं. लाथा घालून, लोंबकळून मी ते बंद केलं. हाताची सालटी निघाली. परत येऊन बघितलं तर पाणी हनुवटीपाशी येऊन थांबलं होतं. माझा शर्ट काढून त्यांच्या डोक्याला गुंडाळला आणि त्यांचीच सायकल घेऊन खाली सुटलो. माझी सायकल पडली होती तिथं थांबून फोन उचलले आणि रेंज मिळेपर्यंत ब्रेकला हात लावला नाही.

साठबाईंना मी सगळं एका दमात सांगितलं. दाजी नऊमध्ये अडकलेत, त्यांची डबी माझ्याकडे आहे, वर्षभर माझ्याकडेच असते. पलीकडून आधी गाडीसाठी ओरडल्याचा आवाज आला. मग त्या फोनवर आल्या, रडत होत्या.

"मला माहीत होतं हो," त्या म्हणाल्या. "दोघांचा आकडा रोज एकच. आंधळ्यालाही दिसेल. पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मला वाटलं, त्यांचा गुडघा... तुम्ही सांभाळून घेताय... म्हणून मी कुणाला बोलले नाही. मघाशीसुद्धा मला वाटलं की विचारावं, खरंच आहेत का. नाही विचारलं."

आम्ही दोघांनी मिळून एका माणसाला इतकं सांभाळलं होतं की तो कुठं आहे हे कुणालाच विचारता येत नव्हतं.

सव्वापाचला त्यांना बाहेर काढलं. दाजी वाचले. पाय वाचला नाही, मांडीपासून कापावा लागला. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि ताईला बाहेर बाकावर बसवून समजावलं. पाय इतका वेळ दाबलेला राहिला की रक्तच पोचलं नाही. ताईनं विचारलं, "लवकर आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "तास-दीड तास आधी आणलं असतं तर बहुतेक वाचवला असता. पण त्याला कोण काय करणार, तुम्ही समजल्याबरोबर आणलंत." मी खाली फरशीकडे बघत होतो.

ऑफिसात चौकशी झाली. साहेबांनी माझ्यासमोर कागद ठेवला, दोन रकाने, वरपासून खालपर्यंत जुळे. डबीचं मी कबूल केलं. साहेबांनी बोट ठेवून विचारलं, "एक चाळीस ते दोन वीस, चौऱ्याहत्तर. या वेळात तुम्ही कुठं होता?"

"वर निघालो होतो," मी म्हणालो. "दाजी आले नाहीत म्हणून शोधायला."

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. साहेब जन्मात त्या वाटेवर चढले नव्हते. त्या चढावर चौऱ्याहत्तर कुणाच्या बापाला जमत नाही, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, एक मी आणि दुसऱ्या साठबाई. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पदराचं टोक पिळत होत्या. बोलल्या नाहीत. मला लाइनवरून काढलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी दाजी घरी आले. मी रोज जातो. त्यांना उचलून बसवायला, आंघोळीला न्यायला ताईला एकटीला जमत नाही. दाजी पहिल्यासारखेच बोलतात. येईल त्या पाहुण्याला माझी कीर्ती सांगतात. "हा आला म्हणून मी आहे बरं का! मी जेवायला आलो नाही म्हटल्यावर हा डबासुद्धा न उघडता तसाच वर पळत सुटला. आठ नंबरचं चाक एकट्यानं फिरवलं. तीन माणसांचं काम आहे ते." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठतो. किती वेळा ठरवलं की सांगून टाकायचं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं की जीभ उचलत नाही. एक पाय गेलेला माणूस ज्या एका गोष्टीवर खूश आहे, तीच त्याच्याकडून कशी काढून घ्यायची?

परवा दुपारी दाजी आतल्या खोलीत पडले होते, मी आणि ताई स्वयंपाकघरात. तिनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि उभीच राहिली.

"छोट्या, मी दोन वाजून पाच मिनिटांनी फोन केला होता."

मी कपाकडे बघितलं.

"फोनमध्ये वेळ आहे," ती म्हणाली. "तेव्हा फोनला रेंज होती. म्हणजे तू खालीच होतास."

"हो."

"ते कुठं आहेत, तुला माहीत होतं?"

"नाही."

"आणि एक वाजल्यापासून तू काय करत होतास?"

"सायकल चालवत होतो," मी म्हणालो. "फाटा ते मोरी." एवढंच निघालं तोंडातून.

ती ओरडली असती, तिनं कानाखाली वाजवली असती, तर मी तिचे पाय धरले असते. ती एकदम हळू बोलली. "मला सकाळपासून चैन पडत नव्हतं. मी ऑफिसला फोन लावणारच होते. तू म्हणालास, जरा पड. मी पडले रे. मला झोप लागली. चांगली साडेतीनपर्यंत झोपले मी. ते तिकडं पाण्यात उभे होते आणि तू मला झोपवलंस."

"ताई..."

"काय चाललंय रे बहीण-भावाचं?" आतून दाजींनी हाक दिली. "मला सोडून चहा पिताय होय?"

मी उठलो. म्हटलं आता सांगतो, आत्ता, या क्षणी, होऊ दे काय व्हायचं ते. ताईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली. आणि दाराकडे तोंड करून, अगदी नेहमीच्या आवाजात, ती म्हणाली, "काही नाही हो. हा वेळेवर पोचला तुमच्यापाशी, तेच म्हणत होते."

"मग! पोचणारच!" दाजी आतून म्हणाले. "पाठव त्याला इकडं."

ताईनं माझं मनगट सोडलं, दाजींचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा. हसत जा."